पन्हाळा ते पावनखिंड सायकलवर: लांबच्या ऑफ-रोड राईडसाठी एमटीबी कशी तयार करायची

मसाई पठार मागे टाकून तासभर झाला असेल. समोर दगडगोट्यांचा चढ आला म्हणून मी सगळ्यात हलका गिअर टाकला. मागून कडकन आवाज आला आणि पायडल जाम झालं. खाली उतरून बघतो तर मागचा डिरेलर तारांमध्ये अडकलेला आणि तो ज्या छोट्या पट्टीवर बसतो, ती पट्टी म्हणजे हँगर मोडलेला. माझ्याकडे दोन ट्यूब होत्या, पंप होता, महागडा हेल्मेट लाइट होता. हँगर मात्र नव्हता, आणि चेन तोडायचं हत्यारही नव्हतं. नेटवर्क नव्हतं. पुढचे नऊ किलोमीटर सायकल ढकलत नेली. शेवटी एका दूधवाल्या टेम्पोने घेतलं म्हणून अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागलो.

त्या राईडच्या आधी मी टायर आणि फोर्कवर बरेच पैसे घातले होते. राईड थांबवली ती काहीशे रुपयांच्या पट्टीने.

लांबच्या ऑफ-रोड राईडसाठी सायकल तयार करणं म्हणजे भारी पार्ट बसवणं नाही, हे मला तिथे कळलं. या लेखात तयारीची पद्धत पायरी-पायरीने बघू. उदाहरण म्हणून कोल्हापूरहून निघून पन्हाळा, मसाई पठार, पावनखिंड, पांढरेपाणी, मलकापूर आणि परत कोल्हापूर अशी दोन दिवसांची फेरी घेऊ. वाट कशी निवडता त्यावर अंतर अवलंबून आहे, पण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर धरून चाला. पद्धत मात्र कुठल्याही राईडला लागू पडते.

मूळ तत्त्व: कशामुळे चालत यावं लागेल?

सॉफ्टवेअरमध्ये एक प्रश्न नेहमी विचारला जातो: असा कोणता एकच भाग आहे, जो बंद पडला तर अख्खी सिस्टीम बंद पडेल? अशा भागाला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. सर्व्हर एकच असेल तर दुसरा ठेवतात, डेटाचा बॅकअप घेतात. सायकलला हाच प्रश्न विचारायचा. प्रत्येक भागासमोर तीन गोष्टी लिहा:

• हा भाग बिघडण्याची शक्यता किती आहे?
• बिघडला तर सायकल चालेल का?
• रस्त्यात, हातातल्या हत्यारांनी दुरुस्त होईल का?

पंक्चर होण्याची शक्यता भरपूर, पण दुरुस्ती सोपी. सीट फाटली तर राईड चालू राहते. हँगर क्वचित मोडतो, पण मोडला तर सायकल जागेवर थांबते, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्यामुळे गावातल्या दुकानात मिळत नाही. तयारीचा वेळ आणि पैसा आधी अशा भागांवर घालायचा.

जगातल्या लांब ऑफ-रोड शर्यतीसुद्धा याच तत्त्वावर चालतात. कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिकेच्या मेक्सिको सीमेपर्यंत जाणारी ‘टूर डिव्हाइड’ साधारण ४,४०० किलोमीटरची आहे. तिथे मागून मदतीची गाडी चालत नाही. जे लागेल ते सायकलवर न्यायचं किंवा वाटेतल्या, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या दुकानातून घ्यायचं. आपली फेरी लहान आहे, पण पठार ते खिंड या पट्ट्यात सायकलचं दुकान नाही, म्हणजे नियम तोच.

आधी वाट ओळखा

जुलै १६६० मध्ये छत्रपती शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, आणि बाजीप्रभू देशपांड्यांनी घोडखिंड लढवली, ती हीच बाजू. त्या आठवणीत दर जुलैमध्ये ट्रेक निघतात. ट्रेकरसाठी जुलै ठीक आहे. सायकलसाठी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पावसात इथली लाल माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये इतकी भरते की चाक फिरत नाही.

सायकलच्या दृष्टीने या वाटेचे चार प्रकार पडतात:

• डांबरी रस्ता: कोल्हापूर ते पन्हाळा साधारण २० किलोमीटर, शेवटी घाट. येतानाचा मलकापूर-कोल्हापूर हा टप्पाही डांबरी.
• सडा: मसाई पठारावरचा उघडा जांभा खडक. लांबून सपाट दिसतो, पण खडबडीत असतो. इथे टायरच्या कडा कापल्या जातात आणि सतत हादऱ्यांनी बोल्ट ढिले होतात.
• गाडीवाटा आणि पाणंदी: वाड्यांमधून जाणाऱ्या. चाकोऱ्या, बारीक धूळ, कधी शेताचं पाणी सोडल्यामुळे चिखल.
• जंगलातली पायवाट: सुटे दगड, मुळं, ओढ्यांचे उतार, करवंदीच्या जाळ्या. काही ठिकाणी सायकल उचलावी लागते.

वाटेतल्या काही भागाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. निघण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा आणि पठारावर मळलेली वाट सोडू नका. सड्यावरची मातीची पातळ साय टायरने निघाली तर पुन्हा सहज तयार होत नाही.

चेन, हँगर आणि डिरेलर

राईडच्या तीन आठवडे आधी इथून सुरुवात करा, कारण पार्ट मागवावे लागले तर तेवढा वेळ जातो.

चेन झिजली आहे का, हे साध्या स्टीलच्या पट्टीने कळतं. चेनचा एक जोड म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. एका पिनच्या मध्यापासून २४ जोड मोजा. नव्या चेनवर हे अंतर ३०४.८ मिलिमीटर भरतं. ११ किंवा १२ स्पीडच्या चेनवर ते ३०६.३ झालं, म्हणजे अर्धा टक्का वाढलं, की चेन बदला. ७ ते १० स्पीडला ३०७.१ पर्यंत चालतं. झिजलेली चेन तशीच वापरली तर ती मागचे दात खाते, आणि मग नवी चेन टाकली तरी जोर लावल्यावर घसरते. चेन बदलली तर किमान दोन राईड चढावर करून बघा. घसरत असेल तर कॅसेटही बदलावी लागेल.

मग हँगर. सायकलच्या मागे उभे राहा. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि वरचा दात एका उभ्या रेषेत दिसायला हवेत. खालचं चाक आत, तारांकडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. सायकल उजव्या बाजूला पडली किंवा गाडीच्या डिकीत दाबली गेली की हे होतं. माझ्या बाबतीत हेच झालं होतं: आदल्या आठवड्यात सायकल गाडीतून नेली होती, गिअर थोडे कुरकुरत होते, मी केबल ताणून काम भागवलं. वाकलेल्या हँगरवर केबल ॲडजस्ट करणं म्हणजे बग न शोधता एरर मेसेज लपवणं.

करायच्या गोष्टी:

• हँगर गेजवर सरळ करून घ्या. खूप वाकला असेल तर नवा टाका.
• तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर मागवा आणि तो बोल्टसकट फ्रेमवर बसवून बघा. फोटोत सारखे दिसणारे दोन हँगर एक-दोन मिलिमीटरने वेगळे असतात.
• डिरेलरचा आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू तपासा. सगळ्यात मोठ्या दातावर असताना डिरेलर हाताने आत ढकलला तरी तारांना लागता कामा नये.
• गिअरची केबल वर्षभर जुनी असेल तर बदला. केबल बहुतेक वेळा शिफ्टरच्या आत तुटते.

हँगर मोडला आणि जादा हँगरही नसेल तर एक जुगाड आहे: डिरेलर काढायचा, चेन तोडून लहान करायची आणि मधल्या एका दातावर सिंगल स्पीड करून चालवायचं. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर हे जमतं. त्यासाठी चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या स्पीडची जोडकडी, म्हणजे क्विक लिंक, लागते. ८ स्पीडची कडी १२ स्पीडला चालत नाही.

गिअरचं गणित

‘माझी सायकल घाटात चालेल का?’ याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. पुढचे सगळ्यात कमी दात भागिले मागचे सगळ्यात जास्त दात, गुणिले चाकाचा घेर. यावरून एका पायडल फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळतं.

• १२ स्पीड, ३२ आणि ५१ दात, २९ इंची चाक: १.४४ मीटर
• जुनी तीन चकत्यांची सायकल, २२ आणि ३२ दात, २६ इंची चाक: १.४२ मीटर
• बजेट सायकल, २४ आणि २८ दात, २७.५ इंची चाक: १.८७ मीटर

गंमत बघा: जुन्या तीन चकत्यांच्या सायकलचा हलका गिअर महागड्या १२ स्पीडएवढाच हलका आहे. नवी सायकल घ्यायलाच हवी असं नाही.

आता तिसरी ओळ. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरू. चढ १० टक्के. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर पहिल्या सायकलचा वेग ताशी सव्वापाच किलोमीटर येतो आणि नुसतं वजन वर चढवायला साधारण १३४ वॅट लागतात. तिसऱ्या सायकलवर तेवढ्याच फेऱ्यांना वेग ६.७ होतो आणि १७४ वॅट लागतात. खडबडीत वाटेचं घर्षण त्यावर वेगळं. १३४ वॅट हा नियमित सायकल चालवणारा बराच वेळ काढू शकतो. १७४ वॅट तासभर काढणं सगळ्यांना जमत नाही. मग फेऱ्या कमी होतात, गुडघ्यावर जोर येतो, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा बोलतो.

उपाय स्वस्त आहे. मागचं फ्रीव्हील २८ ऐवजी ३४ दातांचं टाका. आकडा १.८७ वरून १.५४ मीटरवर येतो आणि १७४ वॅटच्या जागी साधारण १४३ लागतात. डिरेलरला ३४ दात झेपतात का ते आधी बघा. चेनही थोडी लांब लागेल.

चाकं, टायर आणि ट्यूब

आधी चाकाचा आऊट काढून घ्या. मग बोटांनी तारा जोडी-जोडीने दाबून बघा. एखादी जोडी इतरांपेक्षा ढिली लागली तर तिथे पुढे तार तुटणार. तार तुटली की ती शेजारच्या तारेला गुंडाळून ठेवता येते, पण दुसरी तुटायच्या आत घर गाठावं लागतं. मागच्या चाकाच्या मापाच्या दोन तारा सोबत ठेवा.

टायर २.१ ते २.३ इंची पुरे. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना निदान बोटाच्या पेराएवढी जागा राहायला हवी. कडेचे धागे दिसू लागलेला टायर सड्यावर नेऊ नका.

ट्यूब की ट्यूबलेस? दोन प्रकारचे पंक्चर असतात. एक काट्याचं. दुसरं, टायर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये ट्यूबच नसल्यामुळे दुसरा प्रकार जवळपास संपतो आणि काट्यांची भोकं आतलं द्रव सीलंट बुजवतं. त्यामुळे हवा कमी ठेवता येते आणि पकड वाढते. पण दोन अटी आहेत. रिम आणि टायर ट्यूबलेससाठी बनलेले हवेत. आणि सीलंट आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकायला लागतं, म्हणून राईडच्या आठवडाभर आधी उघडून बघा. २९ इंची टायरला साधारण १०० मिलिलिटर लागतं.

हवेचा दाब किती? ७५ किलोच्या चालकासाठी सुरुवात अशी करा: ट्यूबलेसला पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय, ट्यूब असेल तर पुढे २८ आणि मागे ३२. सामान मागे जास्त असेल तर मागे दोन-तीन पीएसआय वाढवा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर हवा कमी आहे. सायकल सड्यावर उड्या मारत असेल तर जास्त आहे. पंपावर ‘टाइट भर’ सांगून ५०-६० पीएसआय भरून घेऊ नका. त्याने पंक्चर टळत नाही, फक्त पकड जाते आणि हात बधिर होतात.

व्हॉल्व्हकडेही बघा. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात: साध्या सायकलचा जुना व्हॉल्व्ह, मोटारसायकलसारखा जाड श्रेडर आणि बारीक लांब प्रेस्टा. श्रेडरमध्ये कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. प्रेस्टा असेल तर छोटा पितळी ॲडॅप्टर लागतो आणि तो पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही. वजन नगण्य, किंमत किरकोळ, म्हणून एक व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा.

गावातल्या दुकानात २६ इंची ट्यूब कदाचित मिळेल. २७.५ आणि २९ ची मिळणार नाही असंच धरून दोन ट्यूब सोबत ठेवा, ट्यूबलेस असलं तरीही. २७.५ मध्ये अडचणीच्या वेळी २६ ची ट्यूब ताणून बसते.

ब्रेक

पन्हाळ्याच्या पश्चिमेकडचे उतार लांब नाहीत, पण सुट्या दगडांचे आहेत, आणि लाल माती ब्रेक पॅडवर सँडपेपरसारखी चालते. पॅडवरचा घासणारा थर एक मिलिमीटरपेक्षा कमी राहिला असेल तर निघण्याआधीच बदला. जादा एक जोडी सोबत न्या.

रेझिन पॅडचा आवाज कमी, पण चिखलात ते लवकर संपतात. मेटल पॅड जास्त टिकतात. मात्र काही स्वस्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं. त्यावर मेटल पॅड लावले तर पॅड टिकतील, डिस्क खराब होईल. नवे पॅड लावल्यावर मोकळ्या उतारावर वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक मारा. त्याशिवाय पूर्ण ताकद येत नाही.

हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर आत हवा आहे, ब्लीड करून घ्या. काही ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, काहींत डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले सील खराब होतात. केबलवाले डिस्क ब्रेक असतील तर नाराज होऊ नका. त्यांची दुरुस्ती एका ॲलन कीने रस्त्यात होते, आणि आपल्या यादीत हा मोठा गुण आहे.

चेनला मारायचा स्प्रे डिस्कजवळ नेऊ नका. तेलाचा एक फवारा पॅडमध्ये मुरला की ब्रेक लागत नाही आणि पॅड फेकावे लागतात.

बोल्ट, बेअरिंग आणि फोर्क

हादऱ्यांच्या वाटेवर ढिला बोल्ट ही सगळ्यात सामान्य तक्रार. हँडल, स्टेम, सीटपोस्ट, क्रँक, डिस्क, कॅरिअर असं पुढून मागे ठरलेल्या क्रमाने सगळे बोल्ट तपासा. हलक्या भागांवर न्यूटन मीटरमध्ये आकडा छापलेला असतो, स्टेमवर बहुतेक ५ किंवा ६. टॉर्क रेंच उसना मिळाला तरी चालेल. जोरात आवळणं हा पर्याय नाही. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले. घट्ट केलेल्या बोल्टवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरलाय. वाटेत चहाला थांबलात की एका नजरेत तपासणी होते.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलपाशी खटखट जाणवली तर हेडसेट ढिला आहे. क्रँक हातात धरून आडवा हलवा. हलला तर बॉटम ब्रॅकेट बघून घ्या. चाक आडवं हलवा. हललं तर हबचे कोन किंवा छर्रे बघावे लागतील. सायकल धुताना गाडी धुण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून पाणी आत जातं.

हवेचा फोर्क असेल तर सामानासकट बसल्यावर तो एकूण प्रवासाच्या २० ते २५ टक्के दबायला हवा. १०० मिलिमीटरच्या फोर्कला २० ते २५ मिलिमीटर. नळीवरचं रबरी रिंग खाली सरकवून मोजता येतं.

सामान कुठे बांधायचं

फ्रेमला कॅरिअरचे आटे असतील तर कॅरिअर बसवा. कोल्हापुरात एक सोय आहे: पट्टी, क्लॅम्प किंवा मापाचा स्पेसर हवा असेल तर शिवाजी उद्यमनगरमध्ये लेथ आणि वेल्डिंगवाले आहेत. स्टीलचं कॅरिअर खुशाल वेल्ड करून घ्या. पण ॲल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्ड करू नका आणि भोक पाडू नका. उष्णतेने तिथला धातू कमजोर होतो आणि फ्रेम नंतर त्याच जागी तडकते.

आटे नसतील तर सीटखालची, हँडलवरची आणि फ्रेमच्या त्रिकोणातली पिशवी असे तीन भाग करा. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, ट्यूब आणि पाणी, त्रिकोणात खाली. हलकी पण मोठी, म्हणजे कपडे आणि चादर, मागे. पट्टा जिथे फ्रेमवर घासतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. पाणी तीन लिटर धरा, म्हणजे तीन किलो. बाटलीच्या जागा कमी पडल्या तर होज क्लिपने फोर्कवर केज बसवता येतो, सस्पेन्शन नसलेल्या भागावरच. खाण्यासाठी गूळ-शेंगदाण्याची चिक्की उत्तम: उन्हात वितळत नाही आणि कुठल्याही दुकानात मिळते.

नकाशा आणि बॅटरी

वाट जीपीएक्स फाइलमध्ये घ्या. ही साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्यात अक्षांश, रेखांश आणि उंचीचे बिंदू ओळीने लिहिलेले असतात. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा फोनमध्ये उतरवून इंटरनेटशिवाय चालतात. घरून नकाशा उतरवा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि अंगणात फिरून बघा. निळा ठिपका सरकला पाहिजे. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, तो उपग्रहांकडून येणारे सिग्नल फक्त ऐकतो. ट्रेकरने टाकलेला ट्रॅक सायकलला चालेलच असं नाही, म्हणून कंटूरच्या रेघा जवळ-जवळ आल्या आहेत तिथे ढकलायची तयारी ठेवा.

बॅटरीचं गणित वॅट-अवरमध्ये करा. ५,००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. उन्हात स्क्रीन सतत चालू ठेवून नेव्हिगेशन केलं तर माझा फोन दोन-अडीच वॅट खातो, म्हणजे आठ-नऊ तास. १०,००० एमएएचची पॉवर बँक कागदावर ३७ वॅट-अवरची असते, पण व्होल्टेज बदलण्यात आणि केबलमध्ये बरीच शक्ती जाते आणि हातात २२ ते २४ येतात. म्हणजे फोन एकदा भरून थोडं उरतं, दोनदा भरत नाही. दोन दिवसांसाठी स्क्रीन बंद ठेवून फाट्यावरच बघायची सवय लावा.

मागचा लाल दिवा सक्तीचा समजा. हा काळ ऊस गाळपाचा असतो. मलकापूरकडून येताना ट्रॅक्टर-ट्रॉल्या भेटतात, त्यांना मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही, आणि ओव्हरटेक करणारा त्यांच्याकडे बघत असतो, तुमच्याकडे नाही. जंगलाच्या पट्ट्यात गवे आहेत. संध्याकाळ व्हायच्या आत वाडीत मुक्कामाला पोचा.

सोबत ठेवायची यादी

• जादा हँगर बोल्टसकट, चेन तोडायचं हत्यार, दोन क्विक लिंक
• दोन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, टायर लिव्हर, पंप, ट्यूबलेस असेल तर प्लग
• टायर कापला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा
• ॲलन कीचा संच, छोटा पेचकस, पक्कड
• ब्रेक पॅडची जोडी, एक गिअर केबल, दोन तारा
• झिप टाय, थोडी तार, इन्सुलेशन टेप, ५ मिलिमीटरचे चार-पाच बोल्ट
• चेनचं तेल आणि फडकं
• प्रथमोपचार, शिट्टी, कागदावर लिहिलेले फोन नंबर

एक नियम: यादीतलं प्रत्येक हत्यार घरी एकदा वापरून बघा. चेन कधी तोडली नसेल तर ते हत्यार नुसतं वजन आहे.

वेळापत्रक

तीन आठवडे आधी तपासणी करून पार्ट मागवा. दोन आठवडे आधी सगळं बसवा. एक आठवडा आधी पूर्ण सामान लादून जोतिबाला जाऊन या आणि वाटेत मुद्दाम कच्च्या पाणंदीत घाला. काय घासतं, काय वाजतं, कुठली पिशवी गुडघ्याला लागते, ते तिथेच कळेल. परत आल्यावर बोल्टवरच्या मार्करच्या रेघा बघा. त्यानंतर नवा पार्ट लावू नका. सॉफ्टवेअरमध्ये शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करत नाहीत, तसंच.

पुढच्या डिसेंबरमध्ये मी तीच वाट पुन्हा केली. जादा हँगर पिशवीत होता, लागला नाही. पांढरेपाणीच्या अलीकडे कॅरिअरचा एक बोल्ट पडला. यादीतला बोल्ट काढला, बसवला, दहा मिनिटांत निघालो. बिघाड त्या वेळीही झाला होता आणि या वेळीही. फरक एवढाच की या वेळी चालत यावं लागलं नाही.